मांजराला फ्रीज हवा आहे

शाळेत जर्मन शिकवायला लागून मला चौदा वर्षे झाली. त्यांतली पहिली सहा मी फळ्यावर तक्ते काढण्यात घालवली. डेअर, डी, दास ही नामाचे लिंग दाखवणारी उपपदे आणि त्यांची विभक्तिरूपे आठवीतली मुले पाढ्यांसारखी घडाघडा म्हणत आणि भरघोस गुणही मिळवत. पण एकदा जर्मनीहून पाहुणे आले आणि त्यांनी ‘तुला काय आवडते?’ एवढेच विचारले, तेव्हा वर्गातला पहिला आलेला मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

त्यानंतर मी गोष्टींकडे वळले. कॅलिफोर्नियात स्पॅनिश शिकवणारे ब्लेन रे यांनी १९९०च्या आसपास रूढ केलेली ही पद्धत ‘टीपीआरएस’ या नावाने ओळखली जाते. सूचना ऐकून अंगाने कृती करायची ही मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची रीत आणि समजेल असे पुष्कळ कानांवर पडल्यानेच भाषा येते हे भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचे प्रतिपादन, या दोन्हींचा तिला आधार आहे. यात शिक्षक गोष्ट सांगत नाही, तर ती मुलांना विचारत विचारत पुढे नेतो.

मी फळ्यावर तीनच शब्दप्रयोग मराठी अर्थासह लिहिते. (वर्गात मातृभाषेचा शब्दही नको, हा आग्रह मला कधीच पटला नाही, अर्थ एका क्षणात कळत असेल, तर हातवारे करून पाच मिनिटे कशाला घालवायची?) मग म्हणते, ‘डी काट्से विल आइनेन क्यूलश्रांक’, म्हणजे मांजराला फ्रीज हवा आहे. फ्रीज हवा आहे की सायकल? कुत्र्याला हवा आहे का? ‘नाइन!’, म्हणजे नाही, असा गलका होतो. फ्रीज कशाला? मागच्या बाकावरून उत्तर येते, ‘वाइल एस हाइस इस्ट’, कारण उकडते आहे. मांजर तुळशीबागेत जाते, तिथे फ्रीज मिळत नाही, मग ते थेट बर्लिन गाठते. तास संपेपर्यंत ‘आइनेन क्यूलश्रांक’ मुलांच्या कानांवरून कितीतरी वेळा गेलेले असते. आठवड्याने मी मुद्दाम चुकीचे ‘आइन क्यूलश्रांक’ लिहिले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हे कानाला खटकतंय.’ कर्म, द्वितीया, पुल्लिंग यांतले काहीही तिला सांगता आले नसते.

मराठी मुलांना इथे एक आयता फायदा मिळतो. ‘वाइल’नंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते याचे त्यांना नवल वाटत नाही, कारण आपले क्रियापद एरवीही तिथेच असते. जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती आणि सुरी ते, यावर ती हसतात. पण निर्जीव वस्तूला लिंग कसे, असे मात्र कुणी विचारत नाही. मराठीतले ‘ते मांजर’ जर्मनमध्ये ‘ती’ होते, यावर तर एकदा अर्धा तास वाद रंगला होता.

या पद्धतीने सगळे साधते, असे मी म्हणणार नाही. साठ मुलांच्या वर्गात आवाज आवरत नाही, शेजारच्या वर्गातून तक्रार येते आणि पालक कोऱ्या वह्या पाहून धास्तावतात. तक्ते मी आजही शिकवते, फक्त गोष्ट झाल्यावर. तोवर त्या तक्त्यात भरायला मुलांकडे स्वतःची वाक्ये आलेली असतात.

गेल्या आठवड्यात आठवीच्या मांजराला अखेर फ्रीज मिळाला, पण त्यात आधीच एक कुत्रा बसलेला निघाला. त्याचे काय करायचे, ते सोमवारी ठरणार आहे.