गोठ्याला कुलूप लावलं म्हणजे गोदाम होत नाही

परवा बाबांनी मला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "रविवारपासून सुरुवात करतोय." लगेच फोन केला. तर पाण्याचा जोरदार फवारा मारायचं मशीन भाड्याने आणून ठेवलेलं, ड्रिल तयार, शिडी लावलेली. बाबांचं वय 71. तोच व्हिडिओ मला या आठवड्यात आणखी तिघांनी पाठवलाय, म्हणून हे लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

दावा असा: रिकामा पडलेला जुना गोठा चार दिवसांत 'सुरक्षित व्यावसायिक गोदाम' होतो आणि पाचव्या दिवशी भाड्याने देता येतो. त्यासाठी छताचे सिमेंटचे पत्रे फवाऱ्याने धुऊन रंगवायचे, त्यांनाच भोकं पाडून आतून थर्माकोल बसवायचं, सगळ्या फटी फोमने बुजवायच्या, जमिनीवर पातळ कोबा ओतायचा, माळ्यावर खोकी रचायची, जाड कुलूप आणि चार कॅमेरे लावायचे. परवानगी, विमा काही नको, कारण जागा आपलीच.

पत्र्यांचं आधी बोलते, कारण बाकीच्या चुकांनी माल जाईल, या चुकीने माणूस जाईल.

जुन्या गोठ्यांवरच्या त्या राखाडी, नागमोडी सिमेंटच्या पत्र्यांमध्ये बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस, म्हणजे अतिबारीक तंतूंचं खनिज, असतं. नुसतं बघून ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळेत तपासावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं याबाबतीत स्वच्छ आहे: ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांमुळे माणसाला कर्करोग होतो. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, अंडाशयाचा, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. इतपत चालेल अशी सुरक्षित मर्यादाही सापडलेली नाही. पत्रा अखंड असून त्याला कोणी हात लावत नसेल, तर त्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. ते मोकळे कधी होतात? पत्रा फोडला, कापला, घासला, त्याला भोक पाडलं किंवा त्यावर जोराचा फवारा मारला की. म्हणजे व्हिडिओतला माणूस जे जे करायला सांगतो, नेमकं ते ते केल्यावर.

धुतलेल्या पत्र्याचं पाणी अंगणात वाहतं, वाळतं आणि तंतू वाऱ्यावर जातात. नाकाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. कामाचे कपडे घरी येतात. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना हाच आजार झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या कारखान्याची पायरीही चढल्या नव्हत्या.

बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "आम्ही जन्म काढला त्या पत्र्याखाली, काही झालं का?" बाबा, तुम्ही त्याच्याखाली बसलात, त्याला ड्रिल लावलं नाहीत. शिवाय हा आजार दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं जातात. आणि तंतूंचं सोडा, जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो. त्यावर पाय ठेवला की माणूस पत्र्यासकट खाली येतो. ओल्या पत्र्यावर तर विचारूच नका.

एक गोष्ट मान्य करते. 'पत्रे काढून टाकायची घाई नको' असं व्हिडिओतला माणूस म्हणतो, ते अर्धं खरं आहे. धड असलेला पत्रा घाईघाईत उपटण्यापेक्षा जागेवर राहू द्यावा, हे बरोबर. पण जागेवर राहू द्यायचा म्हणजे त्याला हात लावायचा नाही.

आता कुलूप. मी गेली अकरा वर्षं गोदामांमधल्या मालाची तपासणी करते, आणि जाड कुलूप शाबूत असलेली फोडलेली गोदामं मी पाहिली आहेत. युरोपात दारं-खिडक्या घरफोडीला किती वेळ दाद देत नाहीत हे ईएन 1627 या मानकाने ठरवतात, आणि ते मोजतात मिनिटांत. दुसऱ्या वर्गाच्या दाराने स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा हत्यारांपुढे 3 मिनिटं टिकायचं. तिसऱ्या वर्गात पहार येते आणि 5 मिनिटं. सगळ्यात वरच्या सहाव्या वर्गाला 20. चाचणी एकट्या कुलपाची होत नाही. फळी, चौकट, बिजागऱ्या, कडी सगळ्यांची मिळून होते, आणि ते दार कशा भिंतीत बसवायचं हेही मानकात सांगितलेलं असतं.

आता आपल्या गोठ्याकडे बघा. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात आणि ते वाळवी लागलेल्या लाकडात रुतलेले. बिजागरीची खीळ बाहेरच्या बाजूला. पत्रे ज्या हुकांनी वाशांना धरलेत, त्यांचे नट छतावर. एक पाना असला की झालं. भिंतीच्या फळ्या बाहेरून ठोकलेल्या. चोर कुलपाकडे बघणारसुद्धा नाही. आधी भिंत, छत आणि चौकट पक्की करायची, बिजागऱ्या आतून घ्यायच्या, कोयंडा आरपार बोल्टने बसवायचा, आणि कुलूप सगळ्यात शेवटी. कॅमेऱ्याने भुरटा चोर बिचकतो, कोण कधी आलं ते कळतं, हे खरं. पण गोठा वस्तीपासून लांब असेल आणि तिथे पोचायला अर्धा तास लागत असेल, तर कॅमेरा तुम्हाला चोरी फक्त दाखवतो.

फटी बुजवण्याचं सांगते. आढ्याजवळची फट ही गवंड्याची हयगय नव्हे. गुरांच्या श्वासाची, शेणामुताची वाफ बाहेर जावी म्हणून ती ठेवलेली असते. ती बंद केलीत की आतल्या ओलीला वाट राहत नाही. हवा 25 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर जेमतेम 17 अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. थर्माकोलच्या सांध्यांतून वाफ मागे जाते, पत्र्याला पाणी सुटतं आणि ते खोक्यांवर ठिबकतं. महिन्याभरात बुरशी. हवा खेळायलाच हवी: खाली आणि वर, समोरासमोर झरोके, त्यांना जाड गज आणि उंदीर शिरणार नाही अशी जाळी. आणि साधं थर्माकोल पेटलं की वितळून जळते थेंब गाळतं, काळा धूर ओकतं. मालाच्या डोक्यावर ते लावायचं?

कोब्याबद्दल तर मला त्या माणसाचं नवलच वाटतं. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा गोठ्यातल्या मातीतून काढत, कारण वर्षानुवर्षं मुरलेल्या मुताचे क्षार तिथे साठतात. ते हवेतली ओल ओढून घेतात. त्यावर पातळ कोबा ओतला की लोणा वर येतो, कोबा फुगतो, रॅकचे पाय गंजतात. आधी ती माती खणून काढायची, मग भराव, ओल अडवणारा प्लास्टिकचा जाड कागद आणि त्यावर हिशेबाने ठरवलेल्या जाडीचं काँक्रीट. दोन टनांच्या रॅकला चार पाय असतील तर प्रत्येक पायाखाली, तळहाताएवढ्या जागेवर, 500 किलो येतात.

माळ्याचं गणित घरीच करता येतं. ए-फोर कागदाचं एक रीम अडीच किलोचं, आणि जागा व्यापतं जेमतेम तीन लिटर. म्हणजे एक घनमीटर कागद 800 किलोच्या आसपास. तेवढ्याच जागेतलं सुटं गवत शंभर किलोही भरत नाही. माळा गवतासाठी बांधलेला होता.

परवानगी आणि विमा: इमारतीचा वापर बदलला की परवानगी लागते, आणि गोठा म्हणून नोंद असलेल्या जागेत दुसऱ्याचा माल जळाला तर विमा कंपनी पहिल्यांदा त्या परवानगीचंच विचारते. भाडेकरू काय ठेवतो ते करारात लिहून घ्या, रंग, रसायनं, गॅस, बॅटऱ्या यांच्यासकट.

मशीन आम्ही परत केलंय. प्रयोगशाळेचा माणूस येऊन पत्र्याचा नमुना घेऊन गेला. अहवाल येईपर्यंत शिडी माझ्या गाडीच्या टपावर बांधलेली आहे.