रिसायकल बिन बंद केल्याने काय साधते आणि काय बुडते

नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मध्यंतरी एक संदेश आला : 'घरच्या कॉम्प्युटरचा वेग दुप्पट करणाऱ्या पाच गुप्त सेटिंग'. त्यातील दावे थोडक्यात असे. रिसायकल बिनमधील फायली रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती, खातात. बिनमध्ये व्हायरस दडून बसतात. म्हणून प्रत्येक ड्राइव्हसाठी बिन बंद करावी, फाइल थेट पुसण्याचा पर्याय निवडावा आणि खात्री विचारणारी चौकटही काढून टाकावी. असे केल्याने फाइल 'कायमची नष्ट' होते, त्यामुळे जुना कॉम्प्युटर निर्धास्तपणे विकता येतो. शेवटी, स्टोरेज सेन्स ही जुन्या फायली आपोआप काढून टाकणारी विंडोजची सोय चालू करून सगळीकडे 'एक दिवस' निवडावे. 'कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत' ही पुस्ती अर्थातच होती, आणि ते सेटिंग कंपनीनेच दिलेल्या खिडकीत उघड लिहिलेले असते याचे संदेशकर्त्याला काही वाटलेले दिसत नाही.

एरवी मी हा संदेश वाचून सोडून दिला असता. परंतु जेलरोडला राहणारे माझे मामा प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत, लेखी सूचना तंतोतंत पाळण्यात त्यांचा जन्म गेला आहे, आणि ते त्यांच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. त्यांनी सगळ्या सूचना क्रमाने पाळल्या. पुढे वार्षिक सर्वसाधारण सभा आठ दिवसांवर आली असताना 'हिशेब - कॉपी' नावाचे फोल्डर जादा प्रत समजून त्यांनी डिलीट केले. खरा हिशेब त्याच फोल्डरमध्ये होता. चौकट आली नाही, बिन रिकामी होती आणि रात्री साडेदहाला मला फोन आला.

रॅमचा दावा एका वाक्यात निकाली निघतो : बिनमधील फायली डिस्कवर पडून असतात, रॅममध्ये नव्हे. यात अर्धे सत्य एवढेच की त्या डिस्कवरची जागा अडवतात, आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरला तर विंडोज खरोखरच रखडते. मात्र त्यावरचा उपाय बिन रिकामी करणे हा आहे, बिन काढून टाकणे हा नव्हे.

व्हायरसच्या दाव्यालाही एक जुना आधार आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. २००८-०९च्या सुमारास पसरलेला कॉन्फिकर हा किडा (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पेन ड्राइव्हवर 'रिसायकलर' नावाचे फोल्डर तयार करून त्यात लपत असे आणि ऑटोरनच्या, म्हणजे ड्राइव्ह जोडताच त्यावरील प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीच्या, साहाय्याने चालू होत असे. पण ते नुसते नावाचे सोंग होते. तुम्ही डिलीट केलेल्या फायलींशी त्याचा संबंध नव्हता, आणि पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल तर सहसा बिनमध्ये जातच नाही. पुढे मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हवरील ऑटोरनची ती वाटही बंद केली. बिनमधील फाइलवर दोनदा क्लिक केले तर ती चालू होत नाही, तिची केवळ माहिती उघडते.

आता तिसरा आणि चौथा दावा. हे एकत्रच घ्यायला हवेत, कारण खरा घात त्यांच्या जोडीत आहे. बिन बंद केल्यावर फाइल 'कायमची नष्ट' होते म्हणजे नेमके काय होते? सातबाऱ्यावरून नाव कमी केले म्हणून शेत जागचे हलत नाही. साध्या हार्ड डिस्कवर हेच घडते : फाइलची नोंद मोकळी झाल्याचे लिहिले जाते, मजकूर मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राहतो. याउलट फाइल बिनमध्ये गेली, तर ती मूळ कोठे होती व कधी डिलीट झाली याची नोंद विंडोज वेगळी ठेवते, म्हणूनच 'रिस्टोअर' म्हणताच ती आपल्या जागी परत येते. थोडक्यात, बिन बंद करून मामांनी स्वतःचा परतीचा रस्ता तेवढा बंद केला; जाणकार परक्या माणसाचा रस्ता उघडाच राहिला.

हे माझे तर्कट नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक होते, आणि एक डिस्क तर चक्क इलिनॉयमधील एका एटीएममधून आलेली दिसत होती. 'निर्धास्तपणे विका' असे सांगणाऱ्याने एवढे तरी वाचायला हवे होते.

मामांच्या घरी याची प्रचीती आली. महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याने ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि बराचसा हिशेब वर काढला. सोबत मामांनी 'सुरक्षिततेसाठी' कधीच डिलीट केलेल्या पॅन कार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रतीही स्वच्छ वर आल्या. मामा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. तीन महिन्यांच्या पावत्या मात्र उघडल्या नाहीत, कारण फोल्डर गेल्यावर घाबरून त्यांनी फायली परत मिळवून देणारी तीन सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवली होती. अशा वेळी कॉम्प्युटर बंद करून ठेवणे हेच योग्य असते.

साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, असती तर एवढेही हाती लागले नसते. तिथे फाइल पुसल्यावर विंडोज ट्रिम नावाची सूचना डिस्कला देते आणि डिस्क ती जागा स्वतःच साफ करते. म्हणजे आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर हा सल्ला अधिकच महाग पडतो. जुना कॉम्प्युटर विकायचाच असेल, तर विंडोज रिसेट करताना 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करावा. त्याला वेळ लागतो, तो लागू द्यावा.

स्टोरेज सेन्स मुळात वाईट नाही. नेहमीच्या मांडणीत ते बिनमधील तीस दिवसांहून जुन्या फायली काढते आणि डाउनलोड्स फोल्डरला हात लावत नाही. 'एक दिवस' मात्र डाउनलोड्सलाही लागू केले, की दिवसभर न उघडलेली वीजबिले आणि सातबाऱ्याचे उतारे विनातक्रार जातात, आणि आपल्याकडे निम्मे घर डाउनलोड्समध्येच नांदत असते.

ज्यांनी हा संदेश पाळला आहे, त्यांनी रिसायकल बिनच्या चित्रावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे, 'कस्टम साइज' निवडावे आणि 'डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग' या ओळीपुढे खूण करावी. विंडोज ८पासून ही खूण मुळातच नसते, त्यामुळे संदेश न पाळणाऱ्यांनीही ती करून घ्यावी. यादीतील प्रत्येक ड्राइव्ह वेगळा निवडून बिनचा आकार तपासणे आवश्यक आहे. मी घाईत फक्त सी ड्राइव्ह दुरुस्त करून निघालो होतो. मामांनी खात्री करण्यासाठी डीवर एक रिकामी फाइल डिलीट केली, चौकटीत ती कायमची जाईल असे आले, आणि मला जिन्यातून परत बोलावले.