ब्रेक दाबला का गाडी हालते

आमच्याकडे कोणाची गाडी बिघडली म्हणजे ती त्याच्या एकट्याची भानगड राहत नाही, आख्ख्या चौकाची होते. माझी सेकंडहँड डिझेल गाडी ब्रेक मारला की थरथरायची. हे कळलं समृद्धी महामार्गामुळं, गावच्या रस्त्यावर कळणं शक्यच नव्हतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर दोन्ही वेळा तिच्यासंगं जाते, अन् मंग गाडी ब्रेक न मारताही तेवढीच हालते. चाळीसच्या वर काटा जाईल तर शप्पथ.

मंग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी समृद्धी सुरू झाला आणि आमच्यासारख्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाचवा गिअर वापरून पाहिला. एकदा कारंज्याहून चढलो, नागपूरला साळ्याकडे जायचं होतं, पुढं एक ट्रक इंडिकेटर न देता लेनमध्ये घुसला, मी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग असं लटलट हाललं की बायकोनं हातातला आलूबोंडा न खाता डब्यात परत ठेवला. आमच्या घरात ही लय मोठी घटना आहे.

गावात आल्यावर तपासण्या सुरू. किराणावाला म्हणे, "अलायमेंट करून घे." आता अलायमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला वढते, हालत नाही, पण उधारी असल्यामुळं मी वाद घातला नाही. पंक्चरवाला म्हणे बॅलन्सिंग. ते करून घेतलं, रिमला शिशाचे तुकडे चिकटवले, पैसे गेले, थरथर तशीच. बॅलन्सिंगचा लोचा असता तर स्पीड घेतला की ब्रेक न मारताही हालली असती हे त्याला मी नंतर सांगितलं, तर म्हणे, "होय नं भाऊ, पण तुमची बॅलन्सिंग तं झाली नं!" आमचे काका तोंडात खर्रा धरून, वर आभाळाकडे पाहत म्हणाले, "इंजिनाचे माउंटिंग गेले बे." काकांकडे आयुष्यभर लुनाच होती.

शेवटी मोठ्या शहरातल्या, एसीवाल्या सर्व्हिस सेंटरात नेली. तिथं चहा दिला, पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क (चाकासंगं फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि पॅड (ब्रेक दाबला की त्या तबकडीला दोन्हीकडून चिमटणारे तुकडे) नवे टाकले, आणि बिल असं दिलं की त्यात सोयाबीनचं बियाणं आलं असतं. गाडी मात्र मस्त चालली, लोण्यावाणी. काही महिने. मंग पुन्हा लटलट. काका एवढे खुश झाले की त्यांनी मलाच खर्रा देऊ केला.

आता कारंज्यातल्या चाचांकडे गेलो. म्हातारा माणूस, गॅरेज म्हणजे चार टिना आणि एक लिंबाचं झाड. पाना हातात न घेता पहिला प्रश्न, "हालते कुठं? हातात का ढुंगणात?"

मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणे, "सांगा नं आता."

तर विषय असा, की स्टेअरिंग हाललं तर बहुतेक पुढच्या डिस्क, सीट हालली तर मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक. आणि कच्चकन ब्रेक मारल्यावर पायाखाली गुरगुर झाली तर तो एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याला आजार समजू नका. खात्री करायला चाचांनी मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला बटन दाबून धरून हँडब्रेक हळूहळू वढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, गाडी गुमान थांबली, म्हणजे मागचे ड्रम निर्दोष सुटले.

मंग पुढचं चाक खोललं, ढिल्ला बेअरिंग नाही, बुश ठीक, पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना सरकतात. डिस्कही नवीच. ती काढल्यावर चाचा हसले. तिच्या मागं हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, गंजाचा थर, सर्व्हिस सेंटरवाल्यानं तो न घासता वरूनच नवी डिस्क बसवून दिलेली, म्हणून ती जराशी तिरपी! डिस्क परत लावून तिला डायल गेज, म्हणजे बारीकसं डुलणं मोजायचं काटेवालं मीटर लावलं अन् ती फिरवली, काटा डुलला. किती, तर साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहून थोडा जास्त, म्हणजे एक दशांश मिलिमीटरच्या वर. मले हसू आलं, एवढ्यानं गाडी हालते? चाचा म्हणे, "शंभरच्या स्पीडले चाक सेकंदाले चौदा-पंधरा वेळा फिरते, भाऊ. दर फेऱ्याले तो उंच भाग पॅडले घासते, ब्रेक न मारताही. हजारो किलोमीटर घासून घासून डिस्क कुठं पातळ कुठं जाड होते, मंग ब्रेक मारला का लटलट." सगळे म्हणतात डिस्क वाकडी झाली, पण बहुतेक वेळा ती वाकत नाही, जाडी कमीजास्त होते.

हब तारेच्या ब्रशनं घासला. डिस्क लेथवर फेसिंग मारून, म्हणजे वरचा पातळ थर खरवडून सपाट करून आणल्या, कमीत कमी जाडी किती पाहिजे ते डिस्कवरच कोरलेलं असते, आमच्या तर नव्याच होत्या. नट समोरासमोरचे धरून टॉर्क पान्यानं, म्हणजे सगळे सारख्याच ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं आवळले. आमचा पंक्चरवाला पान्याला पाइप लावून वर उभा राहतो आणि एक नट मरेस्तोवर, दुसरा जमेल तेवढा आवळतो, त्यानंही डिस्क तिरपी बसू शकते. त्याला हे सांगायची हिंमत अजून झाली नाही, पुढचं पंक्चर तोच काढणार आहे.

समृद्धीवर शंभरवरून ब्रेक मारला, काहीच नाही. मागं काका बसले होते. "अबे," ते घाबरून म्हणाले, "ब्रेक गेले वाटते, काहीच समजून नाई रायलं!" तेव्हापासून ते माझ्या गाडीत बसत नाहीत, आणि चौकात सांगत फिरतात की कारंज्याच्या मेकॅनिकनं पोट्ट्याचे ब्रेकच काढून घेतले.