ताळमेळ

गेल्या मंगळवारी माझ्या अठरा नमुन्यांमधील लोह एका क्षणात एकाच अवस्थेला पोहोचले आणि त्याबद्दल महाविद्यालयाच्या भांडारपालांनी माझे मनापासून अभिनंदन केले.

नमुने कोकणातील भातखाचरांच्या मातीचे आहेत. खाचरात पाणी तुंबून राहिले की मातीतील फेरिक लोह हळूहळू फेरस या दुसऱ्या अवस्थेत जाते आणि क्ष-किरण शोषणाची कड, म्हणजे ज्या ऊर्जेला लोह क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागते ती जागा, काही इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली सरकते. माझा सारा शोधनिबंध या सरकण्यावर उभा आहे. मोजमापे इंदूरला, इंडस-२ या २.५ जीईव्हीच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, घेतली. तेथवर सारे सुरळीत होते. मग मी विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उतरवून घेतली, आणि तिने उघडताच ‘एका कळीत सर्व वर्णपट जुळवा’ अशा नव्या सोयीची जाहिरात केली.

नेमके तेव्हाच आमचे भांडारपाल भाऊसाहेब जडसंग्रह नोंदवही घेऊन पडताळणीच्या सहीसाठी आले आणि खुर्ची ओढून पडद्याकडे पाहू लागले.

“हे ई-शून्य काय आहे, सर?”

“शोषणाची कड जेथे धरायची ती ऊर्जा.”

“आणि समोर ७११२ लिहिले आहे ते?”

“ती तिची किंमत. शुद्ध लोखंडासाठी.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “शून्याची किंमत सात हजार एकशे बारा! आमच्या वहीत शून्याच्या जागी एक रुपया निघाला तरी ऑडिटवाले खुलासा मागतात. तुम्हाला कोणी विचारत नाही?”

“शोधनिबंधाचे परीक्षक विचारतात.”

“मग तुम्ही काय लिहून देता?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून मी ती नवी कळ दाबली. पडद्यावर सुटलेल्या धाग्यांसारख्या पसरलेल्या अठरा रेषा सरकल्या आणि एकमेकींवर अशा बसल्या की जणू एकच रेषा काढली होती.

“वा! टॅली झाले,” भाऊसाहेब खरोखर हेलावले होते. “एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्या फटक्यात टॅली झालेले मी पाहिले नाही. आधी सेव्ह करा सर, लाइट जाईल.”

लाइट जाण्याच्या नुसत्या उल्लेखाने आपल्याकडे माणसाचा हात आपोआप चालतो. माझाही चालला. त्यानंतर पूर्ववत करण्याची कळ शोधली, तर ती राखाडी पडली होती.

झाले होते ते असे. क्ष-किरणांतून एका वेळी एकच ऊर्जा निवडणाऱ्या एकवर्णक यंत्राची ऊर्जा प्रत्येक फेरीत किंचित ढळते, म्हणून नमुन्यामागे लोखंडाची पातळ पत्री ठेवून तिचेही शोषण त्याच वेळी मोजतात आणि जुळवतात त्या पत्र्यांच्या कडा. नव्या सोयीने पत्र्यांना विचारलेच नाही; तिने थेट मातीच्याच कडा एकमेकींशी जुळवल्या, म्हणजे जो फरक मोजण्यासाठी मी रात्री जागवल्या तोच चूक समजून पुसून टाकला. ‘संदर्भ वापरा’ अशी एक चौकट आहे, परंतु ती तीन खिडक्या आत आहे आणि मुळात रिकामी आहे. ती रिकामी ठेवावी असे कोणाला वाटले, हे मला अजूनही समजून घ्यायचे आहे. पूर्वी अठरा चुका करायला निदान अठरा वेळा चुकावे लागे. मूळ नोंदी शाबूत होत्या, त्यामुळे माझे केवळ तीन तास गेले; पण एखादा नवा विद्यार्थी हीच कळ दाबून ‘लोहात बदल आढळला नाही’ असे लिहील, आणि रेषा इतक्या सुंदर जुळलेल्या असतील की कोणी शंकाही घेणार नाही.

हे सर्व मी भाऊसाहेबांना तावातावाने समजावून सांगितले. “म्हणजे तुम्हाला टॅली व्हायला नकोच होते?” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी नजर ते बहुधा अफरातफर केलेल्यांसाठी राखून ठेवतात. मग त्यांनी वही पुढे सरकवली. प्रयोगशाळेत खुर्च्या चार होत्या, नोंद पाचची होती.

“एक मोडीत गेली होती ना?” मी विचारले.

“गेली असेल. पण मागील वर्षी पाच आहेत, त्यामुळे पाचच धरू. सही येथे करा.”

मी सही केली.