कॉरिंथचा पूल आपोआप बुडत नाही

‘ग्रीसमधला 2600 वर्षांपूर्वी हातांनी खोदलेला कालवा! जहाज आलं की रस्त्याचा पूल आपोआप पाण्यात बुडतो. आजही जगाचा व्यापार इथूनच चालतो!’ या मजकुरासह कॉरिंथ कालव्याचा व्हिडिओ फिरतोय. व्हिडिओ खरा आहे. मजकुराचं तेवढं बघू.

आधी वय. 2600 वर्षांपूर्वी कॉरिंथचा राज्यकर्ता पेरिअँडर याच्या मनात कालवा होता म्हणतात, पण त्या काळात झाला तो डिओल्कोस, म्हणजे जहाजं जमिनीवरून ओढून पलीकडच्या समुद्रात नेण्याचा फरसबंद रस्ता. इ.स. 67 मध्ये रोमन सम्राट नीरोने स्वतः कुदळ मारून मुहूर्त केला, हजारो ज्यू कैदी कामाला जुंपले. पुढच्याच वर्षी तो मेला आणि काम बंद पडलं. आज दिसतो तो कालवा 1882 ते 1893 मधला. काम सुरू करणारी कंपनीही मध्येच दिवाळखोरीत गेली. आखणी मात्र बरीचशी नीरोचीच वापरली, म्हणजे दाव्यात रुपयात आणाभर तथ्य धरू.

आता पूल. तो कालव्याइतकाही जुना नाही. इस्थमिया आणि पोसिडोनिया या दोन्ही टोकांना असे पूल आले 1988 मध्ये, आणि जहाज आलं की ते चालवणारी माणसं तिथे असतात. वाहनं थांबवायची, पूल सपाटच्या सपाट खाली न्यायचा, जहाज गेलं की वर आणायचा. मग वर का उचलत नाहीत? खाली नेला की शिडाच्या उंच डोलकाठीलाही वर काहीच आडवं येत नाही. मधल्या भागात ही कटकटच नाही: तिथे कडे 79 मीटरपर्यंत उंच, त्यामुळे साधे पूल माथ्यावरून जातात. टोकांना जमीन समुद्राच्या पातळीला, म्हणून हा खटाटोप. पूल वर येताना कधीकधी त्यावर मासे अडकतात आणि पोरं ते वेचायला धावतात. चढणीचे मासे पकडलेल्या कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही!

राहिला जगाचा व्यापार. कालवा पाण्याच्या पातळीला जेमतेम 25 मीटर रुंद, तळाशी तर 21. मोठी मालवाहू जहाजं त्यात शिरतच नाहीत. 2019 मध्ये साडेबावीस मीटर रुंदीचं ‘ब्रेमार’ हे प्रवासी जहाज यातून गेलं, त्याचीच केवढी बातमी झाली. जानेवारी 2021 मध्ये दरड कोसळून हा कालवा वर्षभराहून जास्त काळ बंद राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये सुएझ सहा दिवस अडला होता. तुम्हाला आठवतो तो कोणता?