मान्यता टाळा, सुखी राहा

कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये दहा-बारा वर्षं निर्धास्त काढली, की कोणीतरी हितचिंतक सांगतो, ‘आता एखादी व्यावसायिक मान्यता मिळवून टाक.’ घाईनं हो म्हणू नका. आधी समोर काय वाढून ठेवलंय ते पाहा.

अमेरिकेतली जनसंपर्कवाल्यांची ‘एपीआर’ ही मान्यता १९६४ पासून चालू आहे. तिच्यात फी भरली की झालं, असा सरळ कारभार नाही. तीन अनुभवी परीक्षकांसमोर बसायचं आणि आपल्याच मोहिमेची चिरफाड करून घ्यायची: संशोधन काय केलं, आखणी कशी केली, अंमलबजावणी कशी झाली, मूल्यमापन कशावरून केलं. त्यानंतर लेखी परीक्षा. पास झालात तरी दर तीन वर्षांनी नूतनीकरण आहेच. आयएबीसी या व्यावसायिक संवादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ‘एबीसी’ मान्यतेसाठी तर कामाचे नमुने द्यावे लागत. तिचे नवे अर्ज २०१२ मध्ये बंद झाले म्हणून सुस्कारा टाकाल, तर तिच्या जागी ‘सीएमपी’ आणि ‘एससीएमपी’ या दोन मान्यता आल्या. त्यांच्यामागे आयएसओ १७०२४ हे, व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक. ज्यांनी शिकवलं त्यांनीच पास करायचं, ही आपल्याकडची प्रेमळ सोय तिथे चालत नाही.

खरी गोची उद्दिष्टात आहे. समजा, चाकणच्या कारखान्यातल्या कामगारांनी पीएफचं ई-नॉमिनेशन करावं म्हणून तुम्हाला मोहीम काढायची आहे. आपली रीत सोपी: ‘जागरूकता वाढवणे’ असं लिहायचं, कँटीनबाहेर पोस्टर लावायचं, व्यवस्थापकीय संचालकांचा हसरा फोटो टाकायचा. जागरूकता वाढली नाही, हे आजवर कोणाला सिद्ध करता आलंय? परीक्षक मात्र विचारतात, ‘नॉमिनेशन केलेले आज किती टक्के? ३१ मार्चला किती हवेत?’ ३५ वरून ७० असं एकदा लिहून दिलंत की अडकलात.

कारण आता आधी चौकशी करणं आलं. दहा-पंधरा जणांशी शिफ्ट सुटताना बोललात तरी कळेल, की नॉमिनेशन करायचं असतं हे बहुतेकांना ठाऊक आहे. कोणाच्या आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे, त्यामुळे ओटीपी येत नाही. कोणाच्या पोर्टलवरच्या प्रोफाइलला फोटोच नाही, म्हणून फॉर्म पुढे सरकत नाही. म्हणजे पोस्टरचं काम नाहीच. गेटजवळ एक टेबल, एक लॅपटॉप आणि आधारचा नंबर बदलून देण्याची व्यवस्था हवी. एवढ्या खर्चात हसरा फोटो कुठे बसवणार? म्हणून संशोधन टाळा. करावंच लागलं तर मोहीम संपल्यावर करा, म्हणजे निष्कर्ष सोयीचे निघतात.

मूल्यमापनासाठी जुनी फूटपट्टी सांभाळून ठेवा. कात्रणांचे कॉलम-सेंटिमीटर मोजा, जाहिरातीच्या दरानं गुणा आणि ‘बातमीवर लोक जास्त विश्वास ठेवतात’ म्हणून वर आणखी तिनानं गुणा. तीनच का, असं विचारणाऱ्याला चहा पाजा. जनसंपर्काचं काम कसं मोजावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी हा हिशेब मोडीत काढला खरा, पण साहेबांच्या केबिनपर्यंत बार्सिलोना पोचलेलं नाही. कोटीतला आकडा पाहून ते खूश होतात, आणि त्यातला एक रुपयाही बँकेत आलेला नसल्यानं लेखापरीक्षकही तो तपासत नाहीत.

नीतीचे प्रश्न तर मुळीच सोडवायला बसू नका. कारखान्यात अपघात झालाय, कारण कळलेलं नाही आणि वरून ‘मानवी चूक असं टाकून दे’ म्हणून फोन येतो. परीक्षेत याचं उत्तर साहेबांना नकार कसा द्यावा, असं अपेक्षित असतं: जेवढं पक्कं आहे तेवढंच सांगा, पुढची माहिती किती वाजता देणार ते सांगा, जखमींच्या घरच्यांना आधी कळवा. हे एकदा शिकलात की पुढच्या फोनच्या वेळी ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय गेली. मान्यतेची फी परवडेल हो, ही नाही परवडत.

एवढं सांगूनही नावापुढच्या अक्षरांचा मोह सुटत नसेल, तर दोन दिवसांची कार्यशाळा गाठा. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रमाणपत्रं वाटतात. लॅमिनेशन मात्र आपलं आपण करून घ्यायचं.