छंद : वाचन, संगीत (खरोखर)

नकार आला. नकाराचं काही नाही, ते येत असतात. पण कारण ऐकून माझा हात पोह्यांच्या कढईतच थांबला. मध्यस्थ काकू आईला फोनवर सांगत होत्या, "मुलगी छान आहे हो, नाव ठेवायला जागा नाही. पण त्यांचं म्हणणं पडलं, तिला छंद आहेत."

मुलीला फिट येतात, हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात.

बायोडाटात रास, नाडी, गण, रक्तगट, उंची यांच्याखाली छंदाचा रकाना असतो. तिथे मुलींनी 'वाचन, संगीत' लिहायचं आणि मुलांनी 'ट्रेकिंग, प्रवास', असा महाराष्ट्रभर अलिखित करार आहे. तो रकाना कोणी वाचत नाही आणि कोणी वाचावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. मीही तेच लिहिलं होतं. माझ्या बाबतीत ते खरं निघालं, एवढाच माझा गुन्हा. गण खोटा निघाला असता तर एक वेळ त्यांनी पोटात घातला असता.

ट्रे, पोहे, 'बस गं, लाजू नकोस' हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते. मुलगा बरा होता, म्हणजे गप्प होता. त्याचे आईवडील सोफ्याच्या दोन टोकांना आणि मधोमध मामा. मामींना प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली होती, दाराशी.

मामा निवृत्त होते. कशातून ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रश्न विचारायच्या पद्धतीवरून ऑडिट खातं असावं. माझ्या बायोडाटाची प्रिंट त्यांनी सोबत आणली होती, घडी घालून, खिशातल्या लाल पेनासकट. 'छंद' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

"वाचन म्हणजे?"

"पुस्तकं वाचते."

"ते झालंच. पण काय? परीक्षेचं?"

"नाही, कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रं. हल्ली नवीन मुलं-मुली फार चांगलं लिहितायत..."

"नवीन!" मामा मुलाच्या वडिलांकडे वळले. "नवीन म्हणजे आपण न ऐकलेलं." वडिलांनी मान डोलावली. "बरं, आणि ते वाचून काय करतेस?"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. भजी खाऊन काय करता, असं कोणी मामांना विचारलं असतं का? पण आईने घरी आलेल्यांना उलट बोलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून मी प्रामाणिकपणे सांगितलं, "एक वाचून झालं की दुसरं घेते."

मामांनी लाल पेनाने काहीतरी टिपलं.

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतरही तसंच. एक झालं की दुसरं."

खोलीत शांतता पसरली. आईने मला चहा आणायला पाठवलं. चहा आधीच ट्रेमध्ये होता.

मी परत आले तेव्हा मामा संगीतावर पोचले होते. "हं, गा बघू एखादं."

"मी गात नाही, ऐकते."

"ऐकणं हा कसला छंद? ऐकतो तर आम्हीही."

"कधी?" दाराशेजारून मामी म्हणाल्या. त्या दिवशीचा त्यांचा हा पहिला आणि शेवटचा शब्द. मामांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

मग खरं संगीत कोणतं यावर मामा बोलले. खरं संगीत म्हणजे नाट्यसंगीत. पेटी, तबला, झालंच तर ऑर्गन. बाकी हल्लीचं सगळं धाड धाड. पेटी हे वाद्य कसं आपल्या मातीतलं आहे, हे सांगताना त्यांनी दोन बोटांनी टीपॉयवर सूर धरून दाखवले आणि कपातला चहा बशीत आला.

मी गप्प बसले, पण इथे बसत नाही. मामा ज्या पेटीची शपथ घेत होते ती युरोपातून आली. शिवाय रेडिओवर तिला 1940 ते 1971 अशी बंदी होती. त्या काळातल्या जाणकारांचं म्हणणं, हे परकं वाद्य, यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या बारीक सुरांचा, खून होतो. म्हणजे पेटी हाच तेव्हाचा धाड धाड. पुढे 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस आपला, मराठी, आणि गाण्यातला दर्दी. त्यांनी आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांची जवळजवळ दारंच बंद केली. चटोर गाणी कानावर पडली नाहीत की पोरं रागदारीकडे वळतील, असा हिशेब. पोरं वळली रेडिओ सिलोनकडे, तिथे सिनेमाची गाणी लागायची. शेवटी ऑक्टोबर 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. त्या सिलोनला कान लावून बसलेल्या पोरांत मामांचे वडील नसतील तर मी पोहे करणं सोडीन. तसंही सोडणारच आहे.

"लाव बघू तुझं काय ते," मामा अचानक उदार झाले. "आम्ही काही जुन्या विचारांचे नाही."

पुण्याच्या ताडीवाला रोडवरून निघालेला रॅपर एमसी स्टॅन लावावा, असं एक क्षण मनात येऊन गेलं. आईकडे बघितलं आणि विचार सोडला. मग मी अभंग रिपोस्ट लावलं. आपल्याकडचीच मुलं आहेत, गिटार, बेस आणि ड्रम घेऊन अभंग म्हणतात. म्हटलं, यात कोणाला काय खटकणार?

सुरुवात संथ होती. विठ्ठलाचं नाव आलं तसे मामांनी डोळे मिटले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि हात जोडले. मुलाच्या वडिलांनीही जोडले. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. आणि मग ड्रम सुरू झाला. मामांचे डोळे खाडकन उघडले. पण हात जोडलेलेच, कारण विठ्ठल अजून चालू होता. हात सोडावेत तर देवाचा अपमान, धरून ठेवावेत तर ड्रमला नमस्कार. ते जोडलेले हात हळूहळू खाली येऊ लागले, छातीवरून पोटाशी आले, पुन्हा नाव ऐकू आलं तसे दचकून वर गेले. असं दोन-तीनदा झालं. उजव्या पायाचा अंगठा मात्र चटईवर बरोबर तालात पडत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मामींनीही बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

गाणं संपल्यावर मामा म्हणाले, "गोंगाट आहे."

हे गृहस्थ राहतात त्या गल्लीत गणपतीत दहा दिवस स्पीकरची भिंत उभी असते. ते मागे काकूंनीच अभिमानाने सांगितलं होतं.

आता माझी पाळी, असं मीच ठरवलं. मुलाला विचारलं, "तुमच्या बायोडाटात ट्रेकिंग आहे. हरिश्चंद्रगडाला कुठून गेलात, पाचनईवरून की नळीच्या वाटेने?" मुलगा गोंधळला. म्हणाला, "गाडी जाते तिथून." वर गाडी जात नाही. पण त्याच्या छंदाखाली कोणी रेघा मारल्या नव्हत्या. उलट त्याची आई म्हणाली, "त्याला वेळच कुठे मिळतो, नोकरी केवढी दगदगीची." मीही नोकरी करते. रोज डोंबिवली-दादर, लेडीज डब्यात, एका कानात इयरफोन (दुसरा कान 'घाटकोपर उतरनेवाली' साठी मोकळा), एका हातात कडी आणि दुसऱ्यात पुस्तक. पुस्तक अशा कोनात धरावं लागतं की समोरचीच्या केसांतला गजरा पानात येऊ नये. याला वेळ मिळणं म्हणत नाहीत.

आणि घरी तरी काय? बाई मोबाइल बघत बसली तर तिचं काही काम चाललं असेल म्हणून सोडतात. हातात पुस्तक दिसलं की ती रिकामीच. दूध बघ, बेल बघ, आजीची गोळी दे. बाबा पेपर वाचत असताना त्यांना कोणी दूध बघायला सांगितल्याचं मला आठवत नाही. लग्नानंतर वाचणार का, असं मामांनी विचारलं त्यात काही विनोदी नव्हतं. त्यांच्या घरात हे होणार नाही, एवढंच ते सांगत होते आणि मला ते तिथल्या तिथे कळलंही होतं. हसून चहा ओतत राहिले, याचाच राग अजून जात नाही.

असो. पुस्तकाकडे येते, कारण खरं दुखणं तेच आहे.

निघताना मामा माझ्या शेल्फपुढे उभे राहिले. पाहुणे येणार म्हणून आईने शेल्फ आवरलं होतं, म्हणजे तिला भडक वाटलेली मुखपृष्ठं मागे ढकलून पुढे शब्दकोश आणि हरिपाठ लावला होता. मामांनी मान वाकडी करून एकेक नाव वाचलं आणि एक बारीक पुस्तक ओढून काढलं. 'स्त्री-पुरुष तुलना'.

"अरे वा," मामा म्हणाले. "हे उपयोगाचं आहे. आमच्याकडे पत्रिका बघतो आम्ही, पण अशी समोरासमोर तुलना केलेली केव्हाही बरी. नेऊ का?"

मी तोंड उघडलं. "न्या ना!" आई म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे पुस्तक बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीची चर्चा सुरू झाली आणि ताराबाई भडकल्या. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्यांनी उचलला आणि हा तुमच्यात नाही का, म्हणून पुरुषांना भर रस्त्यात उभं करून विचारलं. त्यात गुण जुळत नाहीत. छत्तीसातला एकही.

मामांनी ते पिशवीत टाकलं, आईने दिलेल्या लाडवांच्या डब्याशेजारी. आठवडा गेला आणि नकार आला. छंदांचं कारण काकूंपुढे केलं असेल. मला वाटतं, मामा दहाव्या पानापर्यंत पोचले.

पण नकार दिला तर दिला, पुस्तक? 'जुळत नसल्यास पत्रिका परत करावी' असं लोक छापतात, पुस्तकाबद्दल कोणी छापत नाही. आईला म्हटलं, फोन करून मागते. आई म्हणाली, "मुलीकडच्यांनी फोन करायचा नसतो. लोक काय म्हणतील, नकार आला म्हणून मागे लागली." दुसरी प्रत घे, म्हणाली. दुसरी प्रत घेता येईल, पण त्या प्रतीत माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, बारीक, पुसता येतील अशा, समासात. हे पुस्तक 1882 नंतर असं विस्मरणात गेलं की साहित्याचे अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं 1975 साली. एकदा हरवलं तर सापडायला त्र्याण्णव वर्षं लागली. मामांकडून परत यायला किती लागतील?

काल काकूंचा पुन्हा फोन आला, दुसऱ्या स्थळासाठी. मी आईच्या हातातून फोन काढून घेतला आणि आधी पुस्तकाचं विचारलं. काकू जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, ते मामींकडे आहे. दुपारी दार लावून वाचतात. मामांनी मागितलं तर म्हणतात, तुलना चालू आहे."

मामींबद्दल मला मनापासून आनंद झाला. ठेवा म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आणि वाचतात पण कशा, बाई! पानापानावर रेघा मारल्यात, मामांच्या लाल पेनाने."

पेनाने! माझ्या प्रतीत!

एक पेन्सिल तरी पाठवू का, असं आईला विचारलं. आई म्हणाली, मुलीकडच्यांनी काही पाठवायचं नसतं.